धरणावरची इर्जिक

१

गाईची धार काढून झाली की मी हात पुसते, मुरंब्याची रिकामी बरणी उचलते आणि धरणावर जाते. ऊन असो, बर्फ असो, अंगात कणकण असो. आमच्या गावात या कामाला मुराब म्हणतात. कोणाच्या शेताला पाट कधी सोडायचा हे मुराब ठरवतो, आणि म्हणून अर्धं गाव कायम त्याच्यावर रुसलेलं असतं. आधीचा मुराब वैतागून मुलाकडे बिश्केकला निघून गेला, तेव्हा सभेत कोणी हात वर करेना. माझा हात डोक्यावरचा रुमाल सारखा करायला वर गेला होता. इस्मान ट्रॅक्टरवाला तेवढ्यात म्हणाला, "झालं की, अनार एजे तयार आहे." एजे म्हणजे ताई. सगळं गाव मला एजेच म्हणतं, आणि म्हणून वाटेल ते काम माझ्या गळ्यात मारतं.

धरण कसलं, डोंगराच्या बेचक्यात घातलेला मातीचा बांध. तळ्याच्या अंगाला दगड लावलेत, गावाच्या अंगाला गवत. त्याच्या पायथ्याला पहिलं घर आहे ते माझं. मुलगा रशियात इमारतींवर काम करतो. घरात सून मीरीम, आणि वसंतात जन्मलेली नात, उमसुनाय. बांध फुटला तर पाणी आधी कोणाच्या दारात येईल हे सभेत कोणी बोललं नाही. पण मला मुराब केलं ते काही माझ्या रुमालामुळे नाही, एवढं मला कळतं.

बरणी कशाला, तर पायथ्याशी पाझर आहे. मातीच्या बांधाला पाझर असायचाच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्याचं पाणी बरणीत भरायचं आणि उन्हाकडे धरायचं. नितळ असलं तर घरी जाऊन चहा प्यायचा. गढूळ असलं तर पाणी आतली माती घेऊन निघालंय, आणि मग चहा विसरायचा. मी रोज नितळ पाणी बघत आले, आणि रोज मनातल्या मनात रहमत म्हणत आले. कोणाला, ते ठाऊक नव्हतं. उपकार मानायची सवय चांगली, एवढंच.

त्या दिवशी तळ्याच्या अंगाला, पाण्याच्या वर, रानउंदरांनी पोखरलेलं एक बीळ बुजवायचं होतं. आदल्या दिवशी पाहून ठेवलं होतं. संध्याकाळी माती नव्हती म्हणून राहिलं. मी बादलीभर माती घेऊन गेले, तर बीळ बुजलेलं. नुसतं बुजलेलं नाही, चोपून, वरून हात फिरवून गुळगुळीत केलेलं.

खाली येऊन इस्मानला म्हटलं, "रहमत रे बाबा. तुला एवढं सुचलं कसं?"

"काय सुचलं?"

"बीळ बुजवलंस ते."

"एजे, मी सकाळी उठून स्वतःचे बूट शोधत नाही. बिळं कुठून शोधू?"

ते खरंच होतं.

२

मग हे होतच राहिलं. एखादी भेग दिसावी आणि दुसऱ्या दिवशी ती लिंपलेली असावी. दगड निसटावा आणि परत बसवलेला सापडावा. सांडव्यात अडकलेलं झुडूप उपटून कडेला टाकलेलं. माझं निम्मं काम कोणीतरी आधीच उरकत होतं.

मी भुताखेतांतली बाई नाही. नवरा गेला तेव्हा शेजारणी म्हणायच्या, रात्री दार वाजतं का गं? मी म्हणायचे, वाजतं, कोंबडी असते. म्हणून मी एकेक माणूस धरून विचार केला. मेंढपाळ वर कुरणात गेलेले. गावचा वडीलधारा, अक्साकाल माम्बेत, त्याचे गुडघे गेलेले. मीरीम तान्ह्या पोरीत अडकलेली. कोणी पुण्य म्हणून गुपचूप करत असेल, असं मी ठरवलं. पण आमच्या गावात पुण्य गुपचूप करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मशिदीला एक चटई दिली तरी वर्षभर ऐकवतात.

मग मी माती पाहिली. त्याआधी पाहायला हवी होती. आमच्याकडची माती पिवळसर. या लिंपणाची काळीनिळी, लोण्यासारखी चिकण. बोटानं उकरली तर आत मेंढीची लोकर कालवलेली निघाली. लोकर घालून माती मळणं मी फक्त ऐकलेलं. माझ्या सासूनंही कधी केलं नव्हतं. आणि ती काळीनिळी माती एकाच खाणीतली. बांध घातला तेव्हा ती खोदली, आणि तळं भरल्यावर ती खाण पाण्याखाली गेली. आज तिथवर पोचायचं तर बुडी मारावी लागेल.

लिंपणावर तळव्याचे ठसे होते. लहान, बाईमाणसाचे. मी माझा तळवा त्यावर ठेवून पाहिला आणि लगेच उचलला. का उचलला, ते सांगता येणार नाही. माती गार होती, एवढंच.

खाली इस्मानला म्हटलं, "हिवाळ्याआधी एकदा धरणावर इर्जिक घालायला हवी. मागच्या अंगाला दोन-चार ठिकाणी माती खचलीय."

"घाल की," तो म्हणाला. "पण आधी मेंढी दाखव. गेल्या खेपेला शाळेच्या इर्जिकीला नुसतं सूप पाजलं होतंत. दुवा होईपर्यंत माझं पोट परत रिकामं."

आमच्याकडे मोठं काम असंच होतं. हाक दिली की गाव येतं, राबतं. ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं. मग म्हातारं माणूस हात उघडून दुवा देतं, सगळे आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवतात, आणि मगच फावडं खांद्यावर टाकून घरी जायचं. इस्मानसारखा कामचुकारसुद्धा दुवेआधी उठत नाही. काम सुटलं असं तेव्हाच धरतात.

३

भर दुपारी घडलं ते. आकाशात ढग नाही, खाली अंगणात मीरीम दोरीवर लंगोट वाळत घालतेय, मला ती दिसतेय.

मागच्या उतारावर एक जुनं बीळ होतं, हात कोपरापर्यंत जाईल एवढं. मी कडेची भुसभुशीत माती काढली, ओल्या मातीचा गोळा केला आणि आत सारला. नेहमी असं होतं की गोळा कुठेतरी टेकतो, मग काठीनं ठासायचा. हा टेकला नाही. हातातून गेला.

आत पोकळी असेल, पडला असेल. मी दुसरा गोळा केला. हात खांद्यापर्यंत आत घातला, गाल गवताला टेकला. आणि कोणीतरी तो गोळा माझ्या हातातून घेतला.

पडणं वेगळं आणि घेणं वेगळं. घर बांधताना खालचा माणूस विटा वर देतो आणि वरचा न बघता घेतो, तसा घेतला. बोटांना बोटं लागली. खरखरीत होती, भेगाळलेली, पाण्यात फार वेळ राहिलेली. हात बाहेर काढायचा होता, पण काढवेना. कारण आत जे कोणी होतं ते थांबलं होतं. पुढच्या गोळ्यासाठी थांबलं होतं.

मग मी काय केलं, तर पुढचा गोळा दिला.

बादली संपेपर्यंत दिले. आतून आवाज यायचा, ढप, ढप, धुमसानं माती चोपल्यासारखा. तो आवाज ऐकला आणि मला एकदम कळलं की तो नवा नाही. या बांधावर उभं राहिलं की तळपायांना तो नेहमीच जाणवतो. मी त्याला आजवर पलीकडची पिठाची गिरणी समजत होते. गिरणी बंद पडून किती वर्षं झाली, हे मला ठाऊक असून.

शेवटी हात बाहेर काढला आणि बिळाचं तोंड आतून मिटत आलं. मी तिथेच बसून रडले. भीतीनं रडले असं लोकांना वाटेल. थोडी भीती होतीच. पण जास्त करून मला भरून आलं होतं. माझ्या तान्ह्या नातीच्या डोक्यावर एवढं पाणी उभं आहे, आणि ते कोणीतरी हातांनी धरून ठेवलंय. मी उतारावर कपाळ टेकलं आणि मोठ्यानं रहमत म्हणाले. खालून मीरीमनं विचारलं, "अपा, पडलीस का?"

"नाही गं," मी म्हटलं. "बसलेय."

४

अपा म्हणजे आई, आणि झुरकान अपा सगळ्या गावाची, सगळ्यांत म्हातारी. तिची मुलं म्हातारी होऊन गेली, ती आहेच. स्वतःच म्हणायची, "मला न्यायचं विसरलेत. मी कामावर आहे असं वाटतंय त्यांना." लोक हसायचे. मीही हसायचे. तिच्यासाठी मी रोज ताकाचं भांडं नेत असे, म्हणून त्या दिवशीही गेले.

"अपा, धरण कोणी घातलं?"

"आम्ही. बायकांनी. पुरुष लढाईवर होते." तिनं ताकाचा घोट घेतला. "फडक्यात माती बांधून आणायचो, अशी कमरेला. मी पोर होते. माझं काम लोकर पिंजायचं."

"मातीत घालायला?"

"मग काय, उशीत घालायला?"

"आणि इर्जिक पुरी झाल्यावर जेवायला काय होतं?"

म्हातारीनं भांड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "काही नव्हतं. पीठ संपलेलं. मुकादम म्हणाला, आज राबा, उद्या जेवू, उद्या दुवा. उद्या बर्फ आलं. वरच्या डोंगरावरून आलं, बांधावरच्या बायकांवर आलं." मग ती म्हणाली, "तुझी नात दूध नीट पिते का?"

"पिते."

"पिऊ दे. भरपूर पिऊ दे."

घरी येताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उपाशी. इतकी वर्षं उपाशीपोटी माझं घर राखतायत, आणि मी रोज वर जाऊन नुसतं रहमत म्हणून परत येते. कोरडं. माणसाला लाज वाटायला हवी. त्यांना जेवू घालायचं हे मी वाटेतच ठरवलं. आमच्यातली कोणीही बाई हेच करती. तुम्ही माझ्या गावातल्या कोणालाही विचारा.

५

गुरुवारी पीठ मळलं. गुरुवारी आमच्याकडे तेल तापवतातच. तळणीचा वास गेलेल्यांना पोचतो म्हणतात. मी आणि मीरीमनं बोरसोक तळले, परातभर, टम्म फुगलेले. मीरीम म्हणाली, "अपा, पाहुणे येणारेत का?"

"धरणावर न्यायचेत. राबणाऱ्यांना."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा घाणा तेलात सोडला. सून चांगली मिळाली मला.

दुपार कलताना मी बांधाच्या माथ्यावर कापड अंथरलं. बोरसोक, साय, दूध घातलेला चहा, घरातले होते नव्हते ते सगळे वाडगे. मग मांडी घालून बसले आणि थांबले. तळपायांखाली ढप, ढप चालू होतं. हळूहळू ते विरळ झालं. मग थांबलं.

चहाची वाफ सरळ वर जात होती. वारा नव्हता. समोरचं गवत मात्र ठिकठिकाणी दबलं, माणसं बसल्यावर दबतं तसं, माथ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मान खाली घातली. जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये, असं मला लहानपणी शिकवलंय.

चहा निवला तेव्हा मी हात उघडले. दुवा द्यायला म्हातारं कोणी नव्हतं, म्हणून मीच दिली. म्हटलं, "तुमच्या हातांना बरकत. तुमच्यामुळे आम्ही आहोत. तुमचं काम पावलं. आमीन." आणि तोंडावरून हात फिरवला.

गवत उभं राहिलं. मी डोळे उघडले तेव्हा गावाच्या रस्त्यावर धूळ उठली होती. जनावरं परतताना उठते तशी, पण जनावर एकही नव्हतं. ती धूळ कब्रस्तानाच्या वळणाला लागली. आणि सगळ्यांच्या मागे, एका क्षणापुरती, पाठ दिसली. पांढरा रुमाल, कमरेला बांधलेलं फडकं. तिनं चालता चालता त्याची गाठ सोडली आणि झटकलं, काम आटपलेली बाई झटकते तसं. मग तिथे नुसता रस्ता होता.

माथ्यावर वाडग्यांच्या समोर काळ्यानिळ्या ओल्या मातीचे ढीग पडले होते. एकेकाच्या फडक्यातली माती. किती होते ते मोजायचा मला धीर झाला नाही.

केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. उरलेले बोरसोक घेऊन मी झुरकान अपाकडे गेले. म्हटलं, "अपा, धरणाच्या इर्जिकीचं जेवण आहे. उशीर झाला, पण आणलंय." तिनं माझ्याकडे पाहिलं. एक बोरसोक घेतला, चहात बुडवून सावकाश खाल्ला. मग दोन्ही हात चेहऱ्यावरून नेले.

"सुटले गं," ती म्हणाली, आणि पोरीसारखी हसली.

६

सकाळी धार काढताना मशिदीतून पुकारा ऐकू आला. झुरकान अपा झोपेतच गेली होती. मी आमीन म्हटलं. हात पुसले, बरणी घेतली आणि वर गेले.

पाझर जोरात होता. मी बरणी भरली, उन्हाकडे धरली. पलीकडचा सूर्य दिसेना. पाणी चहासारखं होतं, दूध घातलेल्या चहासारखं.

तेव्हा मला कळलं मी काय केलंय. तळपायांखाली काही वाजत नव्हतं. मातीला फक्त माती होती, आणि तिच्यामागे सगळं तळं.

मी घराकडे धावले. "पोरीला घे," मीरीमला म्हटलं, "आणि वरच्या माळावर जा. काही घेऊ नकोस."

"अपा, काय झालंय?"

"जा म्हटलं ना."

ती पाळण्यासकट उमसुनायला उचलून निघाली. मी इस्मानच्या दारात जाऊन बडवलं. तो अनवाणी बाहेर आला, माझं तोंड पाहिलं आणि बूट न शोधता ट्रॅक्टरवर चढला. पुकारा पुन्हा झाला, आणि अपाच्या मातीला जमलेलं सगळं गाव फावडी घेऊन धरणावर आलं.

त्या दिवसाचे उपकार मी कसे फेडू? आधी मोरीची झडप उघडली. चौघांनी लोंबकळून गंजलेलं चाक फिरवलं. सांडव्याची कड खाली कापली. पायथ्याशी जिथून गढूळ उसळत होतं तिथे चिखल थापायचा नसतो, नाहीतर पाणी दुसरीकडून फोडतं. तिथे वाळू, वर खडी, वर दगड, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. इस्माननं ट्रॉलीमागून ट्रॉली खडी ओतली. तळ्याच्या अंगाला पाण्यात एक लहानशी भोवरी फिरत होती. माम्बेत मोडक्या गुडघ्यांनी काठावर उभा राहून ओरडला, "नमदे आणा." आणि बायकांनी घरातले लोकरीचे जाड नमदे आणले, लग्नात आलेले, आईनं लाटलेले, रंगीत शिंगांच्या नक्षीचे. एकीनंही मागेपुढे पाहिलं नाही. ते गुंडाळून त्या भोवरीत कोंबले, आणि वर माती.

पिवळी माती वाहून जात होती. तेव्हा मी माथ्यावरच्या काळ्यानिळ्या ढिगांकडे बोट दाखवलं. इस्मान म्हणाला, "ही कुठून आली?"

"ठेवून गेल्यात," मी म्हटलं. "घाल."

ती मात्र बसली. पुरली, आणि बरोबर पुरली. ऊन उतरायच्या आत पाझराचं पाणी फिकट झालं, आणि मी बरणी उन्हाकडे धरली तेव्हा पलीकडे माळावर उभी असलेली मीरीम दिसली.

७

मेंढी मी कापली. घरात एकच होती. इस्मान म्हणाला, "एजे, बोललो ते मनावर घेतलंस वाटतं."

पायथ्याशी, माझ्याच अंगणात, सगळे बसले. चिखलानं माखलेले, दमलेले, हसत होते. मी प्रत्येकाला वाढलं. एकेकाचे हात बघत वाढलं. मग माझा वाडगा घेतला आणि पालथा घालून पुढ्यात ठेवला.

माम्बेतनं हात उघडले. झुरकान अपासाठी दुवा मागितली, धरणासाठी मागितली, माझ्या नातीसाठी मागितली. "आमीन," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. माझे हात मांडीवरच होते. बांधाला काम न सुटलेलं कोणीतरी हवं होतं, आणि दुसऱ्या कोणाकडून हे मागता येत नव्हतं. त्यांनी नमदे दिले होते.

"एजे, तू जेवली नाहीस," इस्मान उठता उठता म्हणाला. "आणि दुवेलाही हात उचलले नाहीस. चुकलं काय?"

"नाही. बघतेय मी, जा तू घरी."

तो पालथ्या वाडग्याकडे बघत राहिला. मग फावडं खांद्यावर टाकून घरी गेला.

उमसुनाय आता चालते. पाझर नितळ आहे. मी अजून रोज बरणी घेऊन जाते, आणि कधीकधी तळपायांखाली काहीच वाजत नाही म्हणून बराच वेळ उभी राहते. घाई नाही. मला न्यायला विसरतील बहुतेक, झुरकान अपाला विसरले होते तसे, विसरोत. पण कधीतरी मी नसेन आणि बरणी मीरीमच्या हातात असेल. एखाद्या सकाळी एखादं बीळ तिला आधीच बुजवलेलं सापडेल, वर तळव्याचा ठसा असेल. तो ओळखू यावा म्हणून मी तिला माझा हात दाखवून ठेवलाय.

"घाबरू नकोस," मी तिला सांगितलंय. "रहमत म्हण. तेवढंच म्हण. वर खायला काही आणू नकोस."